निवडून आलात, आता अजेंडा वाचायला शिका

गुलाल धुऊन झाला असेल तर कामाचं बोलू.

तापीपट्ट्यातल्या एका क वर्ग नगरपालिकेत सभा लिपिक म्हणून माझी नोकरी गेली. अजेंडा टाइप करायचा, शिपायाकरवी घरोघर पोचवून सही घ्यायची, सभेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून कोण काय बोललं ते उतरवायचं आणि नंतर त्याचं इतिवृत्त लिहायचं. नगराध्यक्ष आले-गेले, मुख्याधिकारी बदलले, कोपऱ्यातलं टेबल माझंच राहिलं. निवृत्त झाले तरी निवडणूक झाली की नवे सदस्य घरी येतात, "आक्का, जरा समजावून सांगा." डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर ही ये-जा फारच वाढली. आपल्याकडच्या बहुतेक पालिकांवर त्याआधी चारेक वर्षं प्रशासक होते. तेवढा काळ निवडून आलेल्यांची सभाच भरली नाही. नव्या सदस्यानं कोणाला विचारायचं? जुने होते ते अर्धं विसरले, आणि जे विसरले नाहीत ते सांगत नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी तुम्ही कोण ते

नगरपरिषद आणि नगरपंचायत दोन्ही चालतात १९६५ च्या कायद्यावर. महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम असं त्याचं लांबलचक नाव आहे, कचेरीत सगळे "पासष्टचा कायदा" म्हणतात. अमळनेर, चोपडा, पाचोरा, शिरपूर, शहादा, नंदुरबार या नगरपरिषदा. बोदवड, मुक्ताईनगर, साक्री, शिंदखेडा या नगरपंचायती. तिथे सतरा सदस्य, एका प्रभागाला एक. जळगाव आणि धुळे २००३ पासून महानगरपालिका, त्यांचा कायदा वेगळा, तिथे महापौर आणि आयुक्त. पुढे जे सांगते ते नगरपालिकेचं आहे. महानगरपालिकेतल्यांनी सवयी उचलाव्या, कलमं आपली आपण पाहावी.

कायदा तुम्हाला सदस्य म्हणतो, गाव नगरसेवक म्हणतं, आणि महिनाभरात तुमचा "भाऊ" नाहीतर "ताई" होतो. कागदावर लिहिताना "सदस्य, नगरपरिषद अमुक, प्रभाग क्र. ७-ब" एवढं पुरे. लेटरपॅड छापताना छापखानेवाला हौसेनं वर तीन सिंहांची राजमुद्रा टाकून देतो. ती काढायला लावा. आमदार-खासदारांना तिची परवानगी आहे, आपल्याला नाही.

नगरपरिषदेत एका प्रभागात बहुधा दोघे असतात, अ आणि ब. यात थोरला-धाकटा कोणी नाही. पूर्ण प्रभाग दोघांचा. "वरची गल्ली तुझी, खालची माझी" अशी वाटणी बरेच जण करतात. ती तुमची तुम्ही केलेली, कायद्यात कुठे नाही, आणि खालच्या गल्लीतल्या बाईनं तुमच्याकडे तक्रार आणली तर परत पाठवता येत नाही. स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेले, बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा पाच, जो आकडा कमी असेल तेवढेच ते असतात. नगराध्यक्ष थेट लोकांतून आलेले. उपनगराध्यक्ष मात्र तुमच्यातूनच निवडायचा, त्यामुळे सुरुवातीचे आठ दिवस तुमच्याशी सगळेच फार गोड बोलतात. तेवढं समजून घ्या.

आता खरी मेख. तुम्ही एकट्यानं कोणालाच हुकूम देऊ शकत नाही. कर्मचारी मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली, मुख्याधिकारी शासनाचे. सफाई मुकादमाला गल्लीत उभं करून झापणं तुमच्या अधिकारात बसत नाही. तो ऐकेल, कारण त्याला कटकट नको असते. पण काम झालं नाही तर तुमच्या हातात काही उरत नाही. तुमची ताकद सभेत आणि कागदावर. गावात हे कोणी मानत नाही, कारण गावाला नगरसेवक म्हणजे फोन उचलणारा माणूस हवा असतो. फोन उचला. पण त्या फोनचा कागद करा.

फोनचा कागद कसा करायचा

रात्री साडेदहाला फोन येतो, "भाऊ, पानी कव्हय येई?" खान्देशात हा फोन सगळ्यात जास्त. जळगावला वाघूर, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे गिरणा, नंदुरबारला विरचक. धरणात पाणी असो-नसो, नळाला ते आठ-आठ दिवसांनी येण्याचं दुखणं अनेक गावांत आहे, आणि त्याला कारण बहुतेक वेळा जुनी पाइपलाइन, नादुरुस्त पंप, नाहीतर अपुऱ्या टाक्या. तुम्ही रात्री वॉल्व्हमनला फोन लावून आपल्या गल्लीचं पाणी अर्धा तास वाढवून घेतलंत तर उद्या शेजारचा नगरसेवक तेच करील, आणि शेवटच्या टोकाला हवाच येईल.

एक वही घाला. तारीख, नाव, पत्ता, तक्रार, कोणाला सांगितलं, काय झालं. सकाळी अकराला पालिकेत जाऊन त्यातल्या गंभीर तक्रारींचं एक पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा, आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं अभियंत्याच्या टेबलावरून उडून जातं, आवक क्रमांक उडत नाही. कामाकडे दुर्लक्ष झालं, पालिकेच्या मालमत्तेची नासाडी झाली, वस्तीत कशाची गरज आहे, हे निदर्शनास आणून देण्याचा सदस्याला कायद्यानं हक्क दिलाय. प्रश्न विचारण्याचा आणि सूचना देऊन दप्तर पाहण्याचाही. हा हक्क वापरणारे सदस्य मी थोडेच पाहिले. जे वापरायचे ते कचेरीत शिरले की टेबलं आपोआप सरळ व्हायची.

अजेंडा हातात आल्यावर

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी हवी, विशेष सभेची तीन. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस मिळाली तो दिवस आणि सभेचा दिवस सोडून. शिपाई सही घ्यायला आला की सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं टाका. कधी कधी तो म्हणतो, "आक्कांनी कालची तारीख टाकायला सांगितली." आक्का असं कधी सांगत नसे, पण काही ठिकाणी सांगतात. टाकू नका.

मग अजेंडा घरी जाऊन वाचा. सभेला जाताना गाडीत उघडू नका.

पहिला विषय नेहमी एकच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळे "कायम, कायम" म्हणून हात वर करतात, चहा येतो, विषय संपतो. सगळ्यात घातक विषय हाच. मागच्या सभेत तुम्ही कडाडून विरोध केला असेल आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" लिहिलं असेल, तर या क्षणी ते पक्कं होतं. नंतर वर्तमानपत्रात बातमी द्या, उपोषणाला बसा, कागद बदलत नाही. इतिवृत्त आधी मागून घ्या, तुमच्या विषयापाशी बोट ठेवा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती नोंदवायला सांगा.

पुढच्या विषयांत शेवटचे शब्द आधी वाचत जा. "अवलोकनार्थ" असेल तर नुसतं बघायचं आहे. "विचारविनिमय करून निर्णय घेणे" असेल तर अजून वाट मोकळी आहे. "कार्योत्तर मंजुरी देणे" दिसलं की थांबा. याचा अर्थ काम झालंय, पैसे गेलेत किंवा जायच्या बेतात आहेत, आणि आता तुमच्या सहीचं पांघरूण हवंय. दर वेळी त्यात काळंबेरं असतं असं नाही. पुरात पंप वाहून गेला तर सभेची वाट कोण बघणार? पण काम कधी झालं, कोणाच्या आदेशानं, किती रुपयांचं, एवढे तीन प्रश्न विचारल्याशिवाय हात वर करू नका. "येणाऱ्या खर्चास मंजुरी देणे" असं लिहिलंय आणि आकडाच नाही? आकडा मागा. "पुढील सर्व अधिकार अध्यक्षांना देणे" असं शेपूट असेल तर ते कापायला सांगा, निदान किती रकमेपर्यंत आणि किती मुदतीपर्यंत ते लिहायला लावा. पालिकेचे गाळे नाहीतर मोकळी जागा भाड्यानं द्यायचा विषय असेल तर भाडं आणि मुदत बघा. वीस वर्षांनी तुमच्या नातवाला लोक विचारतील.

शेवटचा विषय: ऐनवेळी येणारे विषय. आयुष्यभर टाइप केलेल्या ओळींत ही ओळ मला कधी आवडली नाही. ज्याची टिपणी नाही, अंदाजपत्रक नाही, कोणी वाचलेलं नाही, ते सगळं दुपारी दीड वाजता, भूक लागलेली असताना यातून निघून जातं. त्या ओळीपर्यंत सभागृहात बसा. निम्मे सदस्य तोवर शेवभाजीच्या वासानं उठलेले असतात.

प्रत्येक विषयामागे कचेरीची टिपणी असते. ती सभेच्या आधी दोन दिवस मागा. लिपिक कुरकुर करील, देईल.

विरोध असेल तर

ओरडून काही होत नाही. मी उतरवून घ्यायचे तेव्हा एकाच वेळी पाच जण बोलत असले की "सभागृहात चर्चा झाली" एवढंच लिहायचे, दुसरं लिहिणार तरी काय? विरोध असेल तर कारणासह एका कागदावर लिहून आणा, वाचून दाखवा, सभा चालवणाऱ्या पीठासीन अधिकाऱ्यांकडे द्या आणि "माझा विरोध नावानिशी इतिवृत्तात घ्यावा" असं म्हणा. प्रतीवर पोच घ्या. ठराव बेकायदेशीर वाटत असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तो स्थगित करण्यासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जाला तुमच्या लेखी विरोधाचा आधार लागतो. आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की पहिला प्रश्न "ठरावाच्या बाजूनं कोण होतं" हाच येतो.

पक्षाच्या चिन्हावर निवडून आला असाल तर गटनेत्याचा व्हिप, म्हणजे मत कोणाकडे द्यायचं याचा पक्षाचा आदेश, पाहूनच मत द्या. स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हतेचा १९८६ चा कायदा नगरसेवकालाही लागू आहे. व्हिप मोडायचा असेल तर आधी वकिलाकडे जा, सभेत स्फुरण चढल्यावर नको.

प्रभागातलं काम मंजूर करून घेताना

"प्रभागातील सर्व गटारी दुरुस्त कराव्यात" अशी पत्रं मी पोतंभर पाहिली. एकाचंही काम झालेलं आठवत नाही, कारण अभियंत्याला त्यातून अंदाजपत्रक करता येत नाही. असं लिहा:

"प्रभाग क्र. ७ मधील मारुती मंदिर ते जिनिंगच्या मागची भिंत, अंदाजे ८५ मीटर लांबीची उघडी गटार मध्यभागी खचली असून उतार उलटा झाला आहे. पावसाळ्यात पाणी पाच-सहा घरांत शिरते. स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा."

सोबत चार फोटो आणि ज्यांच्या घरांत पाणी शिरतं त्या घरवाल्यांच्या सह्या. पत्र दिल्यावर अभियंत्याला घेऊन जागेवर जा, टेपचं एक टोक स्वतः धरा.

त्यानंतरची वाट लांब आहे: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक. फाइल यातल्या कुठल्या टेबलावर आहे एवढं तुम्हाला माहीत असलं पाहिजे. लोक विचारतात तेव्हा "मंजूर झालं" म्हणू नका. सभेत ठराव झाला म्हणजे गटार झाली असं गावाला वाटतं, आणि कार्यादेश निघेपर्यंत पुढची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते.

पैसा कुठल्या डब्यातला, तेही बघा. पालिकेचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं. त्यातून पगार-पेन्शन आणि विजेची बिलं भागवतानाच दम लागतो. बाकी शासनाकडून येतं. वित्त आयोगाच्या निधीत बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा असतो, तो सभामंडपाला मागू नका. दलितवस्ती सुधारणेचा निधी त्याच वस्तीत. नगरोत्थान आणि जिल्हा नियोजनाच्या निधीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या. अर्थसंकल्पात महिला-बालकल्याणाला पाच टक्के आणि दिव्यांगांसाठी पाच टक्के राखून ठेवावे लागतात. हा पैसा खर्चलाच जात नाही असं पुष्कळदा होतं, कारण मागायला कोणी येत नाही. नव्या सदस्यानं पहिल्या वर्षी काय करावं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते: त्या दोन लेखाशीर्षांत गेल्या वर्षी किती तरतूद होती आणि किती खर्च झाला ते लेखापालाकडून लिहून घ्या. उत्तर वाचून तुम्हाला वर्षभराचं काम सापडेल.

अर्थसंकल्पाची सभा जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्या सभेत उभं राहून मागितलेलं काम बसत नाही, मागणीपत्र डिसेंबरातच गेलेलं हवं. नालेसफाईचं पत्र मार्चमध्ये. श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरचे दिवे आणि खड्डे यांचं पत्र आषाढात. आखाजीला माहेरवाशिणी येतात, घरटी माणसं दुप्पट, ऊन चव्वेचाळीसच्या पुढे. त्या आठवड्याचं पाण्याचं वेळापत्रक पाणीपुरवठा अभियंत्याकडून आधीच घेऊन गल्लीत लावा. निम्मे फोन तिथेच कमी होतात.

सही

रहिवासाचं पत्र द्या, चारित्र्याचं पत्र द्या, आधारच्या ठरलेल्या नमुन्यावर फोटो चिकटवून पत्त्याचा दाखलाही सदस्याला देता येतो. पण माणूस समोर आल्याशिवाय सही नको. प्रत्येक दाखल्याला क्रमांक द्या आणि स्थळप्रत ठेवा. आणि कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवण्याची जी पद्धत आहे, ती तुमच्या घरापासून बंद करा. जन्म-मृत्यूचा दाखला पालिकेचा निबंधक देतो, तुम्ही नाही. त्यासाठी तुमची चिठ्ठीही लागत नाही. जन्म एकवीस दिवसांच्या आत नोंदवला तर नोंदणीला पैसेही नाहीत. एवढं लोकांना सांगितलंत तरी एजंटाच्या खिशातले शे-दोनशे वाचतील.

ताईंसाठी

निम्म्या जागा महिलांच्या आहेत. माझी भाचेसूनही यंदा निवडून आली. अजेंडा घेऊन माझ्याकडे आला तो तिचा नवरा. मी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि म्हटलं, "आता घरी जा नि तिला पाठव." ती आली. तासाभरात तिनं कार्योत्तर मंजुरीचे दोन विषय स्वतः शोधून काढले, बचत गटाचे हिशेब सांभाळणाऱ्या बाईला आकडे काय नवे? ताई, सभागृहात सदस्य तुम्ही आहात. यजमानांना बाहेरच्या बाकावर बसू द्या. हजेरीपटावर सही तुमची, मत तुमचं, आणि उद्या नोटीस आली तर तीही तुमच्याच नावानं येणार. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, पालिकेत आणि गल्लीतही.

जागा जाते कशानं

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत सादर करायचा असतो. जिंकलेले लोक हे सर्रास विसरतात. राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत. पालिकेच्या कुठल्याही ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध नको. मेहुण्याच्या नावानं पाण्याचे टँकर लावणाऱ्यांनी वकिलाशी बोलून घ्यावं. घराचं बांधकाम विनापरवाना असेल तर विरोधक तेच पहिलं मोजतील, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडसकट. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नको. तिसरं अपत्य नको.

आणि गैरहजेरी. सभेच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना आला नाहीत तर पद जातं. आपल्याकडे लोक धंद्यासाठी, मुलांकडे, सुरतेला महिनोन्‌महिने जाऊन राहतात. जायचं असेल तर रजेचा अर्ज जाण्याआधी द्या, कारण लिहा, तो सभेच्या अजेंड्यावर आला की नाही ते विचारा, आणि मंजुरीचा ठराव क्रमांक सोबत घेऊनच गाडीत बसा.